दमट शहरातले कोरडे डोळे



बुबुळावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण विसाव्या भागाइतकी. पापणी लवली की हा थर नव्याने पसरतो. मिनिटाला पंधरा-वीस वेळा हे घडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नेत्रवैद्य या थराला अश्रुपटल म्हणतात. नजर स्वच्छ राहते ती या पटलामुळे, बुबुळाला प्राणवायू मिळतो तो बराचसा याच्यातून, आणि डोळ्यात शिरलेली धूळ वाहून जाते तीही याच्याबरोबरच.

नुसते पाणी असते तर ते क्षणात ओघळले असते किंवा सुकून गेले असते. ते टिकते, कारण त्याला खालून आणि वरून आधार आहे. खाली म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला जे पातळ आवरण असते, ज्याला कंजंक्टायव्हा म्हणतात, त्यातल्या गॉब्लेट पेशी हा म्युसिन तयार करतात. मधले पाणी येते अश्रुग्रंथीतून. वरचा तेलाचा तलम थर येतो पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या बारीक ग्रंथींमधून. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. म्युसिन पाण्याला बुबुळाशी धरून ठेवतो आणि तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. या तिघांपैकी एकाचे बिघडले तरी पटल जागोजागी फाटते, बुबुळ उघडे पडते आणि डोळा चुरचुरू लागतो. वैद्यकात ज्याला ‘ड्राय आय’ म्हणतात तो हा विकार.

आता प्रश्न असा की मुंबईत डोळे कोरडे पडावेतच का? विदर्भात मे महिन्यात पडले तर समजता येते. पण रे रोडसारख्या ठिकाणी, जिथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, जिथे पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे डोळ्यांतले पाणी कसे सुकते? हवेत इतकी ओल, आणि डोळा कोरडा? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर अ‍ॅलर्जीपाशी जाऊन पोहोचते. ओल डोळ्याला ओलावा देते खरी, पण तीच ओल घरातल्या गाद्यांत माइट नावाचे सूक्ष्म किडे पोसते, भिंतीवर बुरशी वाढवते, आणि त्यांच्यापासून होणारी अ‍ॅलर्जी अश्रुपटलाला आतून पोखरते.

हे नीट समजण्यासाठी आधी रे रोडच्या हवेत काय काय आहे ते पाहिले पाहिजे.

१८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला मिळाले. १९१० मध्ये कुर्ल्याहून हार्बरची गाडी इथवर आली. स्थानकाच्या पूर्वेला पोर्ट ट्रस्टची जमीन आणि तिच्यावर एकापुढे एक बंदरे: लकडा बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, पावडर बंदर. कुठे काय उतरत होते, ते नावांवरूनच कळते. पुढचे स्थानक कॉटन ग्रीन, तिथे कापसाची गोदामे. दारूखाना नावाच्या भागात जुनी जहाजे फोडण्याचा धंदा. भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली इथेच आणून तोडली गेली. लाकूड, कापूस, कोळसा, गंजलेले लोखंड, जुना रंग यांची धूळ ज्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या उडत आली, असा मुंबईतला हा पट्टा आहे. त्यात हिवाळ्यातल्या पहाटे वारा पडतो आणि सगळे धुके-धूर जमिनीलगत साचून राहते.

पण इथे थांबून एक भेद करायला हवा, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. डोळे लाल झाले की चाळीतला शेजारी, नाक्यावरचा केमिस्ट आणि कित्येकदा डॉक्टरही एकच शब्द उच्चारतात: अ‍ॅलर्जी. प्रत्येक लाल डोळा अ‍ॅलर्जीचा नसतो. दारूखान्यात गॅस कटरवर काम करणारा माणूस दिवसभर ज्योतीच्या धगीत आणि जळत्या रंगाच्या धुरात असतो. त्याचे डोळे चुरचुरतात, लाल होतात, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे, धुराने थेट होणारा दाह आहे. धुराने प्रत्येकाचेच डोळे झोंबतात, जितका धूर जास्त तितके जास्त झोंबतात. अ‍ॅलर्जीचे तसे नसते. वखारीत करवतीपाशी चार माणसे सागाच्या भुशात उभी असतात. तिघांना काही होत नाही आणि चौथ्याच्या पापण्या तासाभरात सुजतात. भुसा तोच, हवा तीच. फरक असतो तो त्या चौथ्याच्या शरीराने या भुशाशी मांडलेल्या वैरात.

या वैराचा इतिहास फार जुना नाही. १८१९ मध्ये लंडनमधल्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टराने दर उन्हाळ्यात होणाऱ्या स्वतःच्याच आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ज्याला ‘हे फीव्हर’ म्हटले गेले त्याचा हा आरंभीचा मोठा वृत्तांत, आणि त्याच्या मथळ्यात डोळे आणि छाती या दोन अवयवांचा उल्लेख होता. डोळे पहिले! आजही शिंका आणि नाक यांच्याकडेच लक्ष जाते आणि डोळे मागे राहतात, म्हणून हे सांगायचे. हा आजार परागकणांमुळे होतो हे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले. अ‍ॅलर्जी ही संज्ञा १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवली. आणि १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्याने रक्तातले आयजीई हे प्रतिद्रव्य शोधून काढले, तेव्हा यंत्रणेचा मुख्य धागा हाती आला.

यंत्रणा अशी. कंजंक्टायव्हात मास्ट पेशी असतात, आणि त्यांच्यात हिस्टामिन साठवलेले असते. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर आयजीई चिकटून बसलेले असते. त्याच्या ओळखीचा कण, मग तो परागकण असो, माइटची विष्ठा असो वा झुरळाच्या अंगाचा चुरा, डोळ्यात आला की पेशी फुटते आणि हिस्टामिन बाहेर पडते. काही मिनिटांत खाज सुटते, डोळा लाल होतो, पाणी गळू लागते. काही तासांनी इतर दाहक पेशी तिथे जमू लागतात. पहिला झटका ओसरतो, पण हा दुसरा, संथ दाह मागे राहतो. रोज नवा कण येत राहिला तर तो संपतच नाही.

घरातल्या माइटचे उदाहरण घ्या. हा किडा मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढा, डोळ्याला न दिसणारा. माणसाच्या त्वचेचा कोंडा खाऊन गादी-उशीत राहतो. तो पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. कोरड्या हवेत तो तग धरू शकत नाही. मुंबईत मात्र त्याला वर्षभर हवे ते मिळते. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, दिवसा गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, पावसाळ्यात ऊन नाही. मग दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरची बोचकी खाली काढली जातात, गोधड्या झटकल्या जातात, आणि लालबाग-परळच्या किती घरांत नेमके त्याच आठवड्यात कुणाचे तरी डोळे सुजतात! माइटच्या विष्ठेतली काही प्रथिने पाचक विकरे असतात. ती नुसती अ‍ॅलर्जी जागी करून थांबत नाहीत, तर डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींमधले सांधेही सैल करतात.

आता मूळ विषय. अ‍ॅलर्जीने डोळा कोरडा कसा पडतो?

सततच्या दाहाने गॉब्लेट पेशींचे काम बिघडते. सुरुवातीला त्या जास्त म्युसिन सोडतात, म्हणून अ‍ॅलर्जीच्या डोळ्यातून चिकट, दोऱ्यासारखी तार निघते. दाह लांबला की या पेशी कमी होतात आणि उरलेल्यांचा म्युसिन पूर्वीसारखा राहत नाही. पाणी असते, पण ते बुबुळाला धरून राहत नाही. भरीस भर खाज. माणूस डोळे चोळतो, मुठीने, टॉवेलने, शर्टाच्या बाहीने. चोळण्याने पापण्यांच्या कडा सुजतात, तेलाच्या ग्रंथींची तोंडे बुजतात, आणि वरचे तेलाचे आवरणही विरळ होते. म्हणजे खालचा आधारही गेला आणि वरचाही. डोळ्यातून पाणी वाहते आहे आणि डोळा कोरडा आहे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण गालावर ओघळणारे पाणी बुबुळाच्या काय कामाचे?

उलट दिशेनेही हे चक्र फिरते. निरोगी डोळ्यात आलेला परागकण किंवा भुशाचा कण अश्रूंबरोबर वाहून नाकात उतरतो. कोरड्या डोळ्यात अश्रू कमी, म्हणून तो कण तिथेच रेंगाळतो. अश्रूंत विरघळलेले त्याचे प्रथिन विरळ होत नाही, उलट अधिक तीव्र होते. बुबुळावरच्या पेशींची तटबंदी आधीच सैल झालेली असते, म्हणून ते आतही लवकर शिरते. ज्याला पूर्वी थोडीशी अ‍ॅलर्जी होती त्याला कोरडेपणानंतर ती जास्त होते. पन्नाशीनंतरच्या स्त्रिया, मधुमेहाचे रुग्ण, एसीच्या झोतासमोर आठ तास संगणकाकडे टक लावून बसणारे कारकून यांचे अश्रुपटल आधीच अशक्त असते. पडद्याकडे पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. अशा डोळ्यांत अ‍ॅलर्जी आली की ती मुक्कामालाच राहते.

आणि तिसरी वाट, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ती उपचाराची.

शिंका आल्या, डोळे खाजले, की केमिस्टकडून एक गोळी घ्यायची, ही मुंबईकराची सवय. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, सेटिरिझिन अशी तिची नावे. ही औषधे हिस्टामिनला अडवतात आणि खाज थांबवतात, यात शंका नाही. परंतु त्यांतली काही, विशेषतः जुन्या पिढीतली, अश्रुग्रंथीला पाणी सोडण्याचा हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा संदेशही अडवतात. तोंडाला कोरड पडते ती याचमुळे. तोंडाची कोरड माणसाला लगेच कळते, डोळ्याची कळत नाही. ती कळते चुरचुरीच्या रूपाने, आणि चुरचुर झाली की पुन्हा अ‍ॅलर्जीच समजून आणखी एक गोळी घेतली जाते. गोळीने डोळा कोरडा, कोरड्या डोळ्याला पुन्हा गोळी. किती जण या फेऱ्यात वर्षानुवर्षे फिरत असतील?

हा निव्वळ तर्क नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम या गावातल्या हजारो प्रौढांच्या डोळ्यांचा अभ्यास दीर्घकाळ चालला. त्यात अँटिहिस्टामिन घेणाऱ्यांमध्ये कोरडे डोळे नव्याने उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले. २०१७ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन कोरड्या डोळ्यांवर जो मोठा अहवाल तयार केला, त्यात कारणांची प्रतवारी लावली आहे. पुरावा ठाम असलेल्या गटात अँटिहिस्टामिन औषधे आहेत. अ‍ॅलर्जीने होणारा नेत्रदाह ‘संभाव्य’ कारणांच्या गटात आहे. या प्रतवारीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. अ‍ॅलर्जी आणि कोरडेपणा यांचे नाते दाट आहे, तरी त्यातला अ‍ॅलर्जीचा स्वतःचा वाटा किती आणि तिच्या औषधाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी असतात.

डोळ्यात टाकायच्या थेंबांचीही अशीच गत. पुष्कळ बाटल्यांमध्ये औषध टिकावे म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. दिवसातून अनेकदा, महिनोन् महिने ते डोळ्यात पडत राहिले तर गॉब्लेट पेशींना आणि बुबुळावरच्या पेशींना इजा करते. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोळा तासाभरात पांढरा दिसतो. असर उतरला की लाली दुपटीने परत येते. सर्वांत धोक्याचे स्टेरॉइडचे थेंब. ते कोणत्याही लाल डोळ्याला झटपट आराम देतात, म्हणूनच एकदा लिहून दिलेली बाटली घरात वर्षभर फिरत राहते. आईची मुलाला, मुलाची शेजाऱ्याला. डॉक्टरांच्या देखरेखीविना चाललेल्या या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू अवेळी येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत आणता येत नाही.

मग ओळखायचे कसे? या बाबतीत लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या गिरणगावाने वैद्यकाला एक धडा आधीच दिला आहे. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा रोग दम्यासारखा दिसतो, पण तो नेहमीच्या अर्थाने अ‍ॅलर्जी नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांतल्या या रोगाचा अभ्यास केला. तो ओळखण्याची खूण वेळेची होती: सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. आजार केव्हा वाढतो, हा प्रश्न त्या काळी तपासणीच्या यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरला होता.

डोळ्यांचेही असेच आहे. खाज, आणि तीही नाकाकडच्या कोपऱ्यात, ही अ‍ॅलर्जीची मुख्य खूण. नुसती चुरचुर, वाळू गेल्यासारखे खुपणे, दिवस सरता सरता वाढणारा थकवा, वाचताना मधेच धूसर होऊन पापणी लववल्यावर पुन्हा स्वच्छ होणारी नजर, ही कोरडेपणाची. वखारीतून चार दिवस गावी गेल्यावर डोळे शांत होतात का? सकाळी गादीवरून उठताना त्रास जास्त असतो की संध्याकाळी? खाज आधी आली की चुरचुर? गोळी सुरू करण्यापूर्वी असे होत होते का? हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात किंवा केईएममध्ये सकाळी केसपेपर काढून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने त्यांची उत्तरे मनाशी तयार ठेवली, तर ओपीडीतल्या गर्दीतही डॉक्टरला ती उपयोगी पडतात.

तपासण्या साध्या आहेत. ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सुचवलेली टिपकागदाची पट्टी आजही वापरात आहे. ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचे. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यावी, ५ च्या आत राहिली तर अश्रूच कमी आहेत. पण अ‍ॅलर्जीच्या डोळ्यात ही पट्टी पुष्कळ भिजू शकते आणि तरीही डोळा कोरडा असतो. पाण्याची मात्रा पुरेशी असते, टिकाऊपणा नसतो. म्हणून फ्लुरोसिनचा पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात, पटल किती सेकंदांत फाटते तेही पाहावे लागते. १० सेकंदांच्या आत फाटले तर ते अस्थिर. त्याच वेळी वरची पापणी उलटून आतली बाजू पाहिली तर अ‍ॅलर्जीचे उंचवटे दिसतात. कोरडेपणाची तपासणी केली आणि पापणी उलटली नाही, तर निदान अर्धेच राहिले.

उपचारात क्रम महत्त्वाचा. आधी डोळा धुऊन निघायला हवा, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. ते ओलावाही देतात आणि अ‍ॅलर्जीचे कण विरळ करून वाहूनही नेतात. एकाच थेंबात दोन्ही कामे. खाजेला थंड पट्टी, पण तेलाच्या ग्रंथी बुजल्या असतील तर खाज शमल्यावर ऊबदार शेक. गोळीऐवजी शक्य तिथे ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे थेंब, कारण ते डोळ्यापुरतेच राहतात आणि अश्रुग्रंथीला गोळीइतके सुकवत नाहीत. नाकासाठी गोळी घ्यावीच लागत असेल तर ती कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरने ठरवावे. जुन्या विकारात सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांची कथा बोलकी आहे. २००२ च्या अखेरीस अमेरिकेत ते कोरड्या डोळ्यांसाठी मंजूर झाले आणि २०२१ मध्ये त्याच औषधाचे दुसरे रूप मुलांमधल्या आणि प्रौढांमधल्या तीव्र अ‍ॅलर्जीच्या नेत्रदाहासाठी. दोन वेगळ्या नावांचे आजार एकाच औषधाला दाद देतात, तेव्हा दोघांच्या मुळाशी एकच दाह असल्याचे मानायला चांगला आधार मिळतो.

घरातल्या उपायांचे मात्र रे रोडवर वेगळेच होते. पुस्तके सांगतात, दर आठवड्याला चादरी आणि उशांच्या खोळी गरम पाण्यात धुवा. सल्ला बरोबर आहे. पण पाणी? पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरच्या कौला बंदर वस्तीतल्या पाणीटंचाईचा अभ्यास ‘पुकार’ या संस्थेच्या तरुण संशोधकांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीला केला. महापालिकेची रीतसर जोडणी नाही, मोटारीने ओढलेले पाणी विकत घ्यायचे, आणि तेही कुठल्याही मुंबईकरापेक्षा किती तरी महाग, अशी तिथली स्थिती त्यातून पुढे आली. जिथे पिण्याचे पाणी मोजून वापरले जाते तिथे चादरी गरम पाण्यात धुवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? अशा घरांसाठी दुसरे उपाय आधी सांगितले पाहिजेत. कोरड्या महिन्यांत गाद्या कडक उन्हात घालणे, उशीला घट्ट विणीचे आवरण, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, कामावरून आल्यावर तोंड-डोळे तांब्याभर स्वच्छ पाण्याने धुणे. आणि वखारीत, गोदामात, दारूखान्यात कडेने बंद असलेला चष्मा देणे ही मालकाची जबाबदारी आहे. कापडाच्या फडक्याने तोंड बांधले की नाक वाचते, डोळे उघडेच राहतात.

मुलांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, उष्ण प्रदेशांत एक तीव्र अ‍ॅलर्जी आढळते. तिला व्हर्नल नेत्रदाह म्हणतात. वरच्या पापणीखाली मोठे, चपटे उंचवटे येतात, डोळ्यांतून तार निघते, उजेड सहन होत नाही, मूल वर्गात मान खाली घालून बसते आणि सतत डोळे चोळते. या उंचवट्यांच्या घर्षणाने बुबुळावर जखम होऊ शकते. वर्षानुवर्षे चोळण्याचा संबंध बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याशी, म्हणजे केराटोकोनसशी, आढळतो. अशा मुलाला चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलून द्यावा लागतो आणि शिक्षकांना वाटते पोरगे अभ्यासाचा कंटाळा करते आहे. पुष्कळ मुलांत हा विकार तारुण्यात ओसरतो, पण तोवर बुबुळ वाचवणे गरजेचे असते.

प्रौढ असो वा मूल, काही लक्षणांत घरगुती उपायांना जागा नाही. डोळा नुसता खाजत नसून दुखतो आहे, उजेडाकडे पाहवत नाही, नजर धूसर झाली आणि पापणी लववूनही स्वच्छ होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे, किंवा कटिंगच्या कामात लोखंडाचा कण उडून लागला आहे, यांपैकी काहीही असेल तर घरातली जुनी बाटली उघडू नये. त्याच दिवशी नेत्रविभागात जावे, आणि आजवर जे जे थेंब आणि ज्या ज्या गोळ्या घेतल्या असतील त्यांची रिकामी वेष्टने सोबत न्यावीत.